जमदग्नी आणि पेंढ्याचा माणूस

हातात कुऱ्हाड, निदान काठी तरी असल्याशिवाय जमदग्नींना इतिहास सांगता येत नसे. घरामागच्या लाकडांच्या खोपटात ते बुंध्यावर एक ओंडका उभा करायचे, शे-दीडशे वर्षं मागे जायचे आणि घाव घालायचे. "इथे, या गल्लीच्या टोकाला," घाव, "गिरणीवाल्याने सख्ख्या भावाचं डोकं फोडलं. पाटाच्या पाण्यावरून!" पुन्हा घाव. लाकडाची दोन शकलं दोन दिशांना उडायची आणि ऐकणाऱ्याने आपली नडगी आपणच सांभाळायची. ते असेपर्यंत मी जेमतेम दोन वर्षं त्यांच्या घरात भाड्याने राहिलो. या काळात मला गावाचा इतिहास तर कळलाच, शिवाय चपळपणे बाजूला उडी कशी मारायची तेही जमलं.

त्यांचं खरं नाव हेर लाउबले, हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. जमदग्नी हे नाव माझ्या बायकोने, मीनलने, पहिल्याच आठवड्यात ठेवलं. पांढरी दाढी, लालबुंद चेहरा आणि शिंक आली तरी शिवी दिल्यासारखा आवाज. नाव इतकं चपखल बसलं, की पुढे त्यांच्यासमोर जर्मन बोलतानाही आम्हाला जीभ सांभाळावी लागे. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, एकुलता एक मुलगा ऊवं गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या वस्तीत राहणारा. गावाचं नाव हाल्डेनबाख. झिंडेलफिंगेनहून एस-बान, म्हणजे लोकल, पकडायची, मग बस, मग चढ. चढाच्या शेवटी चर्च, चर्चसमोर लिंडनचं झाड आणि झाडासमोर जमदग्नींचं घर. खाली ते, वर आम्ही.

या भागात भाड्याचं घर मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम. आम्ही चांगले कपडे घालून, पगाराचे पुरावे घेऊन, पोरीला "गप्प बस" असं बजावून गेलो होतो. जमदग्नींनी यातलं काहीच बघितलं नाही. कुऱ्हाड बुंध्यात रुतवली आणि मला विचारलं, "हेर इंजेनिऊर, तुम्ही कधी कुणाला मारलंय?"

मी गडबडलो. माझं काम गाड्यांच्या सुरक्षेचं. गाडीत माणसाच्या आकाराची बाहुली बसवायची, गाडी भिंतीवर आदळायची आणि बाहुलीचं कुठलं हाड मोडलं असतं ते मोजायचं. त्यामुळे मी खरं ते सांगून टाकलं, "रोज मारतो. पण बाहुल्यांना."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "आल्झो, तर मग, घर तुमचं. मी मेलो तरी तुम्हाला इथून कुणी काढणार नाही, मुलाशी तसं बोलून ठेवतो." घरी जाताना मीनल म्हणाली, "माणूस वेडा आहे, पण घर छान आहे रे." पेढे मिळाले नाहीत म्हणून आम्ही बेकरीतून केक घेतला.

रविवारी सकाळी ते मला गाव दाखवायला न्यायचे. गाव कसलं, कार्डावर छापावं असं. खिडक्यांत लाल फुलं, अंगणं झाडून लख्ख. जमदग्नींना त्यातलं एकही फूल दिसत नसे. "तुमच्या देशावर ती जाडी राणी राज्य करत होती ना, तेव्हाची गोष्ट," अशी त्यांची सुरुवात. जणू व्हिक्टोरियाबाई माझ्या आत्याच होत्या. मग काठीने एकेक घर दाखवत जायचे. इथे मास्तराने पोराला कायमचा बहिरा केला. इथे दोन गावच्या तरुणांनी मे महिन्यात सणाला उभारायच्या खांबावरून भांडून विळे काढले आणि एकाचं आतडं बाहेर आलं. या पाटात मोलकरणीने नवं जन्मलेलं पोर बुडवलं, आणि ज्याचं ते पोर होतं त्यानेच तिला केस धरून चौकात ओढत आणली. रविवारचा उपमा मी मग परत आल्यावर खायला लागलो.

प्रत्येक गोष्टीचा शेवट चर्चमध्ये. ते मला आत नेऊन लाकडी बाकं दाखवायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे. "कुणी मारलं ते विचारू नका, हेर इंजेनिऊर. त्यानंतर पहिल्या बाकावर कोण बसलं ते बघा." गिरणीवाल्याचं बाक उजवीकडचं पहिलं. मोलकरणीला ओढणाऱ्याचं दुसरं. एकदा मी चेष्टेने विचारलं, "आणि लाउबले कुठे बसायचे?" त्यांनी काठी इतक्या जोराने फरशीवर आपटली की ऑर्गन वाजवायचा सराव करणाऱ्या बाईंनी वाकून खाली बघितलं. आणि ते तडक बाहेर चालते झाले.

गावाला ते नकोसे झाले होते हे वेगळं सांगायला नको. गावच्या इतिहासाचं एक मंडळ होतं. इथे तसल्या मंडळाला फेराईन म्हणतात आणि तीन माणसं जमली की एक फेराईन निघतो. त्या मंडळातून त्यांना काढून टाकलं होतं, कारण एका बैठकीत त्यांनी बिअरचा मातीचा मग अध्यक्षांच्या डोक्यावरच्या भिंतीवर फोडला होता. अध्यक्ष म्हणजे हेर कुर्त्स, छत दुरुस्त करणारे, तसा भला माणूस. मंडळ सुंदर रंगीत दिनदर्शिका काढायचं, तिच्यात जुन्या काळच्या बायका लोणी घुसळताना आणि बाप्ये गवत कापताना हसत असत. जमदग्नी ती दिनदर्शिका दर वर्षी विकत घ्यायचे आणि बुंध्यावर ठेवून तिचे बारा तुकडे करायचे.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही किर्बे पाहिली. किर्बे म्हणजे गावच्या चर्चची जत्रा. कांद्याचा केक, नवी वाइन, बँड, पाळणा. आणि संध्याकाळी, उजेड असतानाच, पेंढ्याचा माणूस. लिंडनच्या झाडासमोर खांबाला एक पुरुषभर उंच पेंढ्याचा बाहुला बांधतात, गळ्यात लाल रुमाल, हाताला टिकाव. गावचे गडी डोक्यावर गोणपाटाच्या पिशव्या चढवून येतात, डोळ्यांपुरती भोकं पाडलेली, त्यामुळे कोण कोण आहे ते कळत नाही. पहिला घाव एकाच्या मानाचा. धान्य झोडपायचं जुनं जड दांडकं घेऊन तो पुढे होतो. अध्यक्ष ओरडून विचारतात, "याला पुरे झालं का?" मानकरी ओरडतो, "नोय!" म्हणजे त्यांच्या बोलीत नाही. आणि दांडकं हाणतो. मग सगळे तुटून पडतात. प्रत्येक घावाबरोबर तोच प्रश्न आणि सगळ्या गावाचं तेच उत्तर. शेवटी उरलेला चोथा फरफटत गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत नेऊन फेकतात. माहितीपत्रकात लिहिलं होतं, हिवाळ्याच्या दुष्ट भुताला हाकलायची पुरातन चाल.

मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. साताऱ्याला आम्ही शिमग्याला कमी बोंबा मारल्या नाहीत. माझी सई तेव्हा बालवाडीत होती, तिला तिथे आठवडाभर आधी शिकवलं होतं. माझ्या खांद्यावर बसून ती बेंबीच्या देठापासून "नोय! नोय!" ओरडत होती. मी मान वर करून तिचा चेहरा बघितला. तो मला ओळखूच येईना.

घरी आलो तर जमदग्नी खोपटात अंधूक उजेडात लाकडं फोडत होते. जत्रेला ते फिरकलेच नव्हते. मी उत्साहाने वर्णन करायला लागलो, तर त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवून गोष्ट सांगितल्याचं मला दोनदाच आठवतं, त्यातली ही पहिली वेळ.

"तो भूत नव्हता," ते म्हणाले. "ज्या रुळांवरून तुम्ही रोज कामाला जाता ना, ते टाकायला डोंगरांपलीकडून मजूर आले होते. त्यातला एक. किर्बेला आला, लाल रुमाल बांधून. गावच्या एका पोरीबरोबर नाचला. बस्स, नाचला. त्या पोरीच्या भावाने दांडकं उचललं, बाकीच्यांनी डोक्यावर पिशव्या घातल्या. पाद्र्याने रविवारी प्रवचनात सांगितलं, खाणीत दगड पडून एक परका मेला, देव त्याला शांती देवो. पुढच्या वर्षी पोरांनी गंमत म्हणून पेंढ्याचा माणूस केला. माझ्या आजीला तिच्या आजीने सांगितलेलं. ती आजी म्हणजे ती पोरगी."

मला कळायला जरा वेळ लागला. तो भाऊ म्हणजे लाउबले. पहिल्या घावाचा मान याच घराचा होता.

जमदग्नींनी ऐन तिशीत दांडकं खाली ठेवलं होतं आणि पुन्हा हात लावला नव्हता. वाटलं होतं, मानकऱ्यानेच नाही म्हटल्यावर प्रथा थांबेल. पण गाव त्यांच्यापेक्षा हुशार. घरचा कर्ता जिवंत असून नाही म्हणत असेल तर त्याच्या मुलाने मारावं, असा तोडगा निघाला. ऊवं तेव्हा कोवळा पोरगा. सगळ्या गावाने पाठ थोपटली, त्याने मारलं, आणि तेव्हापासून तो दर वर्षी मारत आला होता. बापलेकांत एरवी बोलणं-चालणं असे, ऊवं दर शनिवारी बापाचं सामान आणून द्यायचा. फक्त ऑक्टोबरात दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. मरण्याआधी हे झोडपणं बंद पडलेलं बघायचं, एवढा एकच ध्यास म्हाताऱ्याने धरला होता, आणि बाकी सगळा आरडाओरडा, फोडाफोडी ही त्या ध्यासाचीच वाफ होती.

गाव म्हणे, पुरावा काय? पुरावा खाणीतच निघाला. नव्या वस्तीचा रस्ता खणताना तिथे माणसाचा सांगाडा सापडला होता. पोलिसांनी तो जुना आहे असं बघून वरच्या कचेरीत पाठवला आणि प्रकरण मिटलं. जमदग्नींनी भांडून त्याचे फोटो मिळवले होते. ते माझ्यासमोर पसरून म्हणाले, "तुम्ही पोटासाठी माणसं आदळता. सांगा, हा दगड होता का?"

मी बराच वेळ बघत होतो. असली हाडं मी रोज पडद्यावर बघतो. कवटी मागून फुटलेली, शिवाय डाव्या बाजूने आणि उजव्याही. दोन्ही हातांची कोपराखालची हाडं मधोमध मोडलेली. माणूस हात आडवे धरून डोकं वाचवायला बघतो तेव्हा ते हाड असं मोडतं. "दगड वरून पडतो आणि एकदाच पडतो," मी म्हटलं. "तो आधी डावीकडून, मग उजवीकडून येत नाही." जमदग्नींनी फोटो गोळा करून बाजूला ठेवले. उठले आणि त्यांनी मला मिठी मारली, त्या मिठीत माझा चष्मा वाकला.

मी जे बोललो ते त्यांनी गावभर केलं. हेर कुर्त्स मला बेकरीत भेटले तेव्हा समजावणीच्या सुरात म्हणाले, "हो हो, असेलही. पण इतक्या जुन्या मेलेल्यासाठी आत्ताच्या पोरांची मजा कशाला घालवायची? त्याचं कुणी नाही, नाव नाही." उत्तर देण्याइतकं जर्मन मला येत होतं. हिंमत येत नव्हती. पाव घेऊन घरी आलो.

दुसऱ्या वर्षी आई साताऱ्याहून आली. जमदग्नींना ती अण्णा म्हणायची. ती मराठीत बोलायची, ते त्यांच्या श्वाबी बोलीत ओरडायचे, आणि दोघांना दुभाष्याचा, म्हणजे माझा, अडथळाच होत असे. ते कुऱ्हाड उगारून खुनाच्या गोष्टी सांगायचे, आई भाजी निवडत "अरे देवा, मेल्यांनो" म्हणायची, आणि मग स्वतःच्या माहेरच्या गावची बांधावरून झालेली कोयत्याची हाणामारी साभिनय ऐकवायची. जमदग्नी खूश होऊन म्हणायचे, "गेनाऊ! अगदी आमच्यासारखं!"

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्या किर्बेच्या थोडीच आधी आली. आईने केळीच्या पानाऐवजी कागदी ताटलीत वरण-भात-खीर वाढली आणि खाली अंगणात कावळ्यासाठी ठेवली. जमदग्नींनी हे काय म्हणून विचारलं. आईने सांगितलं, ज्यांची मरणाची तिथी माहीत नाही, ज्यांच्या मागे कुणी नाही, त्यांच्यासाठी हा दिवस. मी भाषांतर केलं. समोर लिंडनच्या झाडाखाली मंडळाची माणसं पेंढ्याचा माणूस बांधत होती. जमदग्नींनी त्याच्याकडे बोट करून त्याची सगळी गोष्ट आईला सांगितली, या वेळी कुऱ्हाड खाली ठेवून, हळू आवाजात.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "होय अण्णा, आमच्यातही रावण जाळतात. होळीत कुणाकुणाच्या नावानं बोंब मारतात. पण ज्याला मारायचं त्याचं नाव तरी घेतात हो. ह्याला रोज-रोज... म्हणजे दर वर्षी मारतात आणि नावसुद्धा विचारलं नाही कुणी? आणि तुम्ही इतकी वर्षं घरात बसून लाकडं फोडता?"

शेवटचं वाक्य मी गाळलं. आईने मला कोपर मारलं, "सांग की सगळं." मग सांगितलं. वाटलं आता ताटली उडणार. जमदग्नी शांतपणे उठले, ताटलीतला थोडा भात चिमटीत घेतला, झाडापाशी गेले आणि पेंढ्याच्या माणसाच्या पायाशी ठेवून आले. मंडळाची पोरं हसली.

किर्बेच्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर चौकात आले. गावाने त्यांना जत्रेत कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, माणसं वळून वळून बघत होती. बँड थांबला. पिशव्या घातलेले गडी आले. ऊवं पुढे, हातात दांडकं. पिशवीतही तो चालीवरून ओळखू येत होता, बापासारखाच पाय टाकायचा. हेर कुर्त्सनी विचारलं, "याला पुरे झालं का?" ऊवंने "नोय!" म्हणून दांडकं डोक्यावर नेलं आणि धावला. त्याच क्षणी जमदग्नी माझ्या बाजूला नव्हते. ते खांबाच्या मागून पुढे आले होते आणि त्यांनी पेंढ्याच्या माणसाला मिठी मारली होती.

पिशवीच्या भोकांतून समोरचंच दिसतं, बाजूचं नाही. दांडकं खाली आलं होतं. म्हाताऱ्याने हात आडवा धरला. तो आवाज मी ओळखतो, माझ्या कामाच्या जागी तो यंत्रातून ऐकू येतो. इथे तो उघड्यावर, माणसाचा ऐकला. दुसरा एकजण जोरात होता, त्यालाही थांबता आलं नाही, त्याचा घाव खांद्यावर बसला. मागचे अजून "नोय! नोय!" ओरडतच होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. मी धावलो, आई माझ्या पुढे धावली, सई किंचाळली. जमदग्नी गुडघ्यांवर आले, एक हात भलत्याच ठिकाणी वाकून लोंबत होता, दाढीत रक्त आणि पेंढा. आणि त्या अवस्थेत त्यांनी सगळा चौक हादरेल असा आवाज काढला, "याला पुरे झालं का?"

मागच्यांचं ओरडणं तुटलं. ऊवंने पिशवी ओढून काढली आणि तो बापाजवळ मटकन बसला. त्याला ओकारी आली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. कोपराखालचं हाड, मधोमध. मी एक्स-रे बघायला मागितलाच नाही. पोलीस येऊन गेले होते. मी विचारलं काय सांगितलंत, तर जमदग्नी छताकडे बघत म्हणाले, "सांगितलं की माझा पाय घसरला आणि मी दगडी पायरीवर पडलो. सगळ्या गावाने तेच सांगितलंय."

मला राग आला. खरंच आला. आयुष्यभर हा माणूस त्या पाद्र्याच्या नावाने लाकडं फोडत होता. मी म्हटलं, "म्हणजे दगडच पडला म्हणायचं?"

"हो." हातात कुऱ्हाड नव्हती, म्हणून वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "तो पाद्री मला आता कळला, हेर इंजेनिऊर. ज्याने मारलं तो त्याचाही कुणीतरी असणार." मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला चांगला हात सुईने अडकवलेला होता. मी पुसलं. जरा वेळाने ते म्हणाले, "ऊवं पुन्हा मारणार नाही. पण ते दुसरा कुणीतरी शोधतील. मान घराचा असतो, रक्ताचा नाही. ज्याच्या चुलीचा धूर त्या घरातून निघतो, त्याचा. माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. आत्ता कळलं, आणि घर बघायला गेलो होतो तेव्हाचा 'कुणाला मारलंय?' हा प्रश्नही कळला.  ते दमून झोपी गेले.

म्हातारपणी मोडलेलं हाड माणसाला अंथरुणाला खिळवतं. मग छाती भरते. बर्फ पडायच्या आत जमदग्नी गेले. अंत्यविधीला गाव आलं, ज्यांच्या पणजोबांची त्यांनी आयुष्यभर चिरफाड केली ते सगळे काळे कोट घालून आले. मी सवयीने बाकांकडे बघितलं. डावीकडचं पहिलं बाक लाउबल्यांचं, घरच्यांसाठी मोकळं ठेवलेलं. ऊवं दारापाशी शेवटच्या बाकावर बसला होता. पाद्रीणबाईंनी हात करून बोलावलं तरी तो उठला नाही. शेवटपर्यंत ते पहिलं बाक रिकामंच राहिलं.

पुढच्या ऑक्टोबरात दारावरची घंटा वाजली. हेर कुर्त्स, बरोबर मंडळाचे दोघे, आणि हातांत ते दांडकं, तेल लावून पुसलेलं. हेर कुर्त्स घसा खाकरत म्हणाले, "बघा, गेल्या वर्षीचा अपघात वाईटच झाला. पण चाल मोडायची नाही असं ठरलंय. घरात आता तुम्ही राहता. मानकऱ्याचा घाव पडल्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात उचलता येत नाही, तसा नियमच आहे. तुम्ही आता आमच्यातलेच." त्यांनी हे खरंच प्रेमाने म्हटलं. इतकी वर्षं या गावात मला कुणी आमच्यातला म्हटलं नव्हतं. दांडकं घेतलं. अपेक्षेपेक्षा जड होतं.

"पिशवी," एकजण म्हणाला आणि गोणपाट पुढे केलं. ते मात्र मी घेतलं नाही.

मीनल म्हणाली, "अरे, त्यांनी आपल्याला वाळीत टाकलं तर?" मी म्हटलं, तर टाकलं. तोंडाने म्हटलं, पण त्याचा हिशोब मीही मांडून बसलो होतो. सईची शाळा इथे, तिच्या मैत्रिणी इथल्या. आदल्या दिवशी तिने मला जर्मनमध्ये विचारलं होतं, "बाबा, तू मारणार आहेस का?" मी तिला बूट जागेवर ठेवायला सांगितलं होतं.

चौक भरला होता. लिंडनखाली नवा पेंढ्याचा माणूस, तोच लाल रुमाल, तोच टिकाव. माझ्या मागे पिशव्या घातलेले गडी. मी उघड्या तोंडाने त्याच्यासमोर उभा राहिलो. रोज बाहुल्या आदळणारा माणूस मी, पण या बाहुलीकडे मला नीट बघवेना. हेर कुर्त्सनी विचारलं, "याला पुरे झालं का?"

"या," मी म्हटलं, म्हणजे त्यांच्या भाषेत हो. मागच्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "या. याला पुरे झालं." आणि दांडकं त्याच्या पायाशी ठेवलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी हसलं. मग मागून आवाज आला, "तुझा काय संबंध, परक्या?" आणि बिअरचा एक मग येऊन माझ्या कानशिलावर फुटला. बिअर आणि रक्त एकदमच मानेवरून खाली उतरलं. एका पिशवीवाल्याने माझी कॉलर धरली. मी हात उचलला नाही, आडवाही धरला नाही. तेवढ्यात गर्दी हलली आणि ऊवं आला, उघड्या तोंडाने, बापासारखा पाय टाकत. त्याने त्या गड्याचा हात माझ्या गळ्यावरून सोडवला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. "या," तो म्हणाला. "पुरे झालं." त्यानंतर माझ्या मागून एक बारीक आवाज आला. सईचा. ती मराठीत म्हणाली होती, "पुरे झालं." ती माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही.

हेर कुर्त्सनी टोपी काढली आणि बँडला हात केला. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना. काही लोक शिव्या देत गेले, बरेच नुसतेच गेले. त्यांपैकी काहीजण अजून माझ्याशी बोलत नाहीत, बेकरीतली बाई मात्र मोठा पाव देते. कानाखाली टाक्यांची खूण राहिली आहे.

पेंढ्याचा माणूस खांबाला तसाच उभा राहिला. जत्रा संपल्यावर तो आख्खा उरला तर त्याचं काय करायचं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. शेवटी ऊवं आणि मी त्याला सोडवला, एकाने पाय धरले, एकाने खांदे, आणि जमदग्नींच्या खोपटात नेऊन ठेवला. आई फोनवर अजून विचारते, त्याचं नाव कळलं का. नाही कळलं. सर्वपित्रीला तिकडे साताऱ्यात ती त्याच्या नावाचं, म्हणजे बिननावाचं, एक पान वाढते आणि दुसरं अण्णांचं. इकडे मी लाकडं फोडायला खोपटात जातो तेव्हा तो कोपऱ्यात उभा असतो, जमदग्नींचा जुना कोट ऊवंने त्याच्या खांद्यावर टाकला आहे. दोन वर्षं झाली. पेंढा जरा खाली बसला आहे, बाकी त्याला काही झालेलं नाही.